डोळाच नाही, फोटो कुठून आणू?

फ्लोरिडात वाळूची जमीन खणताना गुलाबी, जाडसर गांडूळ निघालं तर ते लगेच मातीत ढकलू नका, हात लावून बघा. बुळबुळीत न लागता कोरडं लागलं आणि अंगभर खवल्यांची कडी दिसली, तर तो वर्म लिझर्ड, म्हणजे बिनपायांचा सरपटणारा प्राणी, शास्त्रीय नाव रायन्यूरा फ्लोरिडाना. जोरदार पावसानंतर तो वर येतो. मलाही तसाच सापडला. दिसतो गांडुळासारखा आणि खातो गांडुळंच, शिवाय वाळवी आणि कोळी.

तो सापडल्याची ऑनलाइन रीतसर नोंद करायची ठरवली. खातं उघडणं, नकाशावर जागा दाखवणं, तारीख, सगळं चटकन झालं.

घोडं अडलं ते ‘डोळा व कानाचं छिद्र स्पष्ट दिसणारा फोटो’ या रकान्यावर. पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. आता या प्राण्याला बाहेरून कानाचं छिद्रच नसतं आणि डोळे खवल्यांखाली बुजलेले. आणायचे कुठून? डोक्याचा स्वच्छ फोटो जोडला, तर शेरा आला: डोळा दिसत नाही, पुन्हा काढा. मी लिहिलं, दिसणारच नाही. त्यावर पुन्हा तेच ठरीव उत्तर, वर उजेडात फोटो काढण्याचा सल्ला! पुढचा रकाना तर पायाच्या बोटांचा. मी अक्षरशः कपाळावर हात मारला. त्याच्या कुळातली ही आज उरलेली एकमेव जात. बाकीची भावकी साऊथ डकोटा-वायोमिंगच्या खडकांत जीवाश्म होऊन पडलीय. आणि इथे तिच्याकडे बोटं मागतायत. बरं, फॉर्मवर विचारायला फोन नंबर नाही, माणूस नाही. दिवसचे दिवस ‘तपासणी सुरू’.

सुटलं ते शेपटीमुळे. शेपूट आखूड, वरून चपटी, बारीक गाठींनी खरखरीत. भुयारात मागून कोणी आलं की तिनेच वाट बंद करतो. डोळ्याच्या रकान्यात मी सरळ शेपटीचा फोटो डांबला आणि खाली लिहिलं, ‘डोळे खवल्यांखाली आहेत, ओळख शेपटीवरून करा.’ त्या विचित्र फोटोमुळे असेल, एकदाचं कुणा जाणकाराने उघडून पाहिलं आणि नोंद मान्य झाली. मी घरभर सांगत सुटलो.

तर फोटो काढताना शेपूट वरून घ्या, डोकं बाजूने. फावड्यासारखं नाकाड आणि त्याच्याखाली आत बसलेला जबडा दिसला पाहिजे. त्या जबड्यामुळेच खणताना तोंडात वाळू जात नाही. शेजारी मोजपट्टी ठेवा. हे आधीच सांगायला हवं होतं: तोवर त्याला ओलसर वाळूच्या डब्यात सावलीत ठेवा, उन्हात नको, आणि काम झालं की सापडला तिथेच सोडा.

आणि हो, नोंद अडकली तर त्याच अर्जाखाली लिहीत राहा. नवा अर्ज भरलात की पुन्हा बोटांपासून सुरुवात.