परडी धर

भाद्रपद शुद्ध चतुर्थी, रात्री साडेअकरा.

मोदक झाले, आरती झाली, माणसं येऊन गेली. पाय भरून आलेत आणि झोप नाही. कारण सांगितलं तर हसाल. गाजरगवत.

सकाळी हरतालिकेची उत्तरपूजा आटोपली. निर्माल्य भरता भरता मावशी थबकल्या. "ताई, ह्ये तर गाजरगवत हाय. द्येवाला वाहिलं व्हय?" आणि हसल्या. मीही हसले. मंडईतून चाळीस रुपयांची पत्रीची जुडी आणली होती, तिच्यात ती कोवळी, कातरलेली पानं होती. मला वाटलं दवणा. (नाकाशी धरून बघावं, एवढंही सुचलं नाही.) वाळूच्या पिंडीवर मूठमूठ वाहिली, अगदी मनोभावे.

महादेवाचं काही नाही. तो धोतरा चालवून घेतो, हेही घेईल. सासूबाईंचं, अक्कांचं काय?

अक्का पुण्याला आल्या की रिक्षातून मोकळा प्लॉट दिसायचा अवकाश, "तुमचं पुणेरी गवत बघ कसं माजलंय!" हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नजरेस पडलं ते पुण्यात, १९५५ साली, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं. त्यावरून मला बारा वर्षं टोमणे. जसं काही मीच पेरलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या हरतालिकेला, देवरूखला, मी आघाडा उपटला. खुडायचा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं. मुळासकट हातात आला. अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी मूळ परत मातीत खोचलं, तांब्यातलं पाणी घातलं, त्याच्याशी वाकून काहीतरी पुटपुटल्या आणि मला म्हणाल्या, "अगो, तू परडी धर."

झालं. त्यानंतर दरवर्षी मी परडीच धरली. सकाळी सहाला, पावसात, बांधावरून, त्यांच्या मागे. तिन्हीसांजेनंतर पानाला हात लावायचा नाही, झाडं निजतात. द्वादशीला तुळस तोडायची नाही. दूर्वा खुडताना आधी नमस्कार. आघाड्याची क्षमा मागणारी ही बाई, माझ्याशी मात्र दोन शब्द गोड बोलली असेल तर शपथ. एकदा तरी म्हणायचं, घे, हे पान तू खुड. माझ्या हातावर विश्वास नव्हता, दुसरं काय. आज दिवसभर हेच घोळतंय. स्वतः शिकवलं नाही आणि आता मी पूजेत गाजरगवत वाहते.

अप्पा गेल्यावर त्यांनी हरतालिका सोडली. पत्री सोडली नाही.

हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पूजा माझी एकटीची होती. मग त्या सहाला उठून कोणासाठी

असो.

आणि खरं सांगायचं तर त्या गप्प कुठे असायच्या? सारखी पुटपुट चालू. "हा माका, चुरगळला की बोटं काळी होतात. ही डोरली, हिला पानावरसुद्धा काटे. हा आघाडा, ह्याची बोंडं लुगडं सोडत नाहीत." मला वाटायचं झाडांशीच बोलताहेत, त्यांचा तो जपच. मी एका हातात परडी, दुसऱ्या हातात मोबाइल, रेंज शोधत. एका वर्षी तर ऑफिसच्या कॉलवर होते. अक्का थांबून राहिल्या होत्या, हातात बेलाचं पान धरून, माझं बोलणं संपेपर्यंत. तेव्हा चिडले होते की ऐकताहेत.

बरं, मग बारा वर्षांत मला २१ पैकी किती पत्री ओळखता येतात? दुपारी पाहुणे यायच्या आधी मोजल्या. दूर्वा, तुळस, बेल, रुई, धोतरा, कण्हेर, जाई, डाळिंब. केवडा वासावरून. माका, हातात आला तर. दहा झाल्या. नापास म्हणावं असं नाही, तसं.

संध्याकाळच्या आधी खाली उतरले. पार्किंगच्या मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून सोसायटीचं रान आहे, तिकडे. निम्मं गाजरगवत, अर्थातच. त्याच्या आड एक उंच, लांब तुऱ्याचं झुडूप होतं. ओळखीचं वाटलं, खात्री होईना. अंगाला घासून पुढे गेले, मागे वळून बघते तर ओढणीला बारीक टोचरी बोंडं ओळीनं चिकटलेली. तिथेच उभी राहून एकेक काढत बसले. निघता निघेनात.

पुढची पानं खुडताना एक हात कमी पडायला लागला. वर हाक मारून ह्यांना खाली बोलावलं. परडी धरा म्हटलं.

फोनवर होते. पण धरली.