हॅश ब्राउन जमेपर्यंत

न्यू जर्सीत आल्यावर डायनरमध्ये, म्हणजे इथल्या साध्या खाणावळीत, अंड्यांसोबत आलेले हॅश ब्राउन (तव्यावर खरपूस केलेला किसलेला बटाटा) मला पहिल्याच घासाला आवडले. वरून कुरकुरीत, आत मऊ. म्हटलं, हा तर आपला बटाट्याचा कीस! उपवासाला इतकी वर्षं करतेय.

पण कीस करतात तसं तेलात परतून झाकण ठेवलं आणि करडा, चिकट लगदा झाला. पुढच्या खेपेला आच वाढवली, तर खालून करपलं नि आत कच्चं.

बटाट्यात जवळजवळ ऐंशी टक्के पाणी. ते आटेपर्यंत किसाचं तापमान शंभर अंशांपुढे जात नाही, आणि खरपूस रंग त्याच्या बराच पुढे धरतो. कीस वाफेवर शिजतो. हॅश ब्राउनमध्ये वाफ घालवायची असते. हे कळलं आणि सगळी पद्धत बदलली.

आता इथला पिठूळ रसेट बटाटाच घेते. किसला की लगेच गार पाण्यात. पाणी नितळ होईपर्यंत दोन-तीनदा धुते. सुटं स्टार्च जातं, कीस काळाही पडत नाही. मग सुती पंच्यात बांधून मनगटं दुखेपर्यंत पिळते. मीठ तव्यावर टाकल्यावरच, नाहीतर पुन्हा पाणी सुटतं. लोखंडी तव्यावर पातळ थर, मध्यम आच, आणि सात-आठ मिनिटं उलथनं लावायचं नाही. हात शिवशिवतो, पण थांबायचं. चरचर कमी झाली, कडा सोनेरी दिसल्या की एकदाच उलटायचं.

करपण्याचं दुसरं कारण फ्रिज होतं. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तो लवकर काळपटतो आणि अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं. आता बटाटे बाहेर, अंधाऱ्या कपाटात असतात.

नवऱ्याचं वजन वाढलंय, म्हणून हिशेबही मांडला. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 77 कॅलरी, कर्बोदकं 17 ग्रॅम, चरबी नावाला. एका मोठ्या चमचाभर तेलात मात्र 120 कॅलरी! म्हणून दोघांत दोन मध्यम बटाटे आणि मोजून एक चमचा तेल. धुण्यात थोडं क जीवनसत्त्व जातं, ते मला चालतं. सोबत अंडी आणि परतलेली सिमला मिरची.

एकादशीला त्याच तव्यावर जिरं, मिरची, दाण्याचं कूट घालून कीस होतो. झाकण ठेवून.