आधी फोडा, मग गुणा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असे पत्र आले आणि लिहायला बसले तर डोळ्यांपुढे गणिताच्या बाईच येत राहिल्या. स्नेहसंमेलने, सहली, क्रीडास्पर्धा यांवर इतर जण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते बाईंच्या करणीच्या, म्हणजे √२ सारख्या पूर्ण न सुटणाऱ्या मुळांच्या, तासाविषयी.

नववीत होतो. बाईंनी फळ्यावर √१२ × √१८ लिहिले. वर्गमुळांचा गुणाकार करताना आतल्या संख्या गुणायच्या, हा नियम आदल्या दिवशीच झाला होता, त्यामुळे सगळ्यांनी भराभर गुणून √२१६ उत्तर सांगितले. "बरोबर. आता साधे रूप द्या," बाई म्हणाल्या. वर्ग २१६ चे अवयव पाडत बसला. बाईंना कधीच घाई नसायची. पुष्कळ वेळ जाऊ दिल्यावर त्यांनी खडू उचलला. १२ म्हणजे ४ × ३, १८ म्हणजे ९ × २. म्हणून २√३ × ३√२. बाहेरचे बाहेर गुणायचे, आतले आत. ६√६! "आधी फोडा, मग गुणा," एवढेच त्या बोलल्या आणि लगेच √४८ × √७५ दिले. ४√३ × ५√३, बाहेर २०, √३ × √३ चे ३, उत्तर ६०. करणीचिन्ह उरलेच नाही. गणितात सौंदर्य असते हे मला त्या क्षणी कळले, आणि ते बाईंमुळे कळले.

पुढे तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढायचे हेरॉनचे सूत्र आले. त्रिकोणाच्या बाजू ५, ६, ७, अर्धपरिमिती ९, क्षेत्रफळ √(९ × ४ × ३ × २). या वेळी गुणायला कुणी गेलेच नाही. ९ चे ३ आणि ४ चे २ बाहेर काढले, ६√६ चौरस एकक. आतला गुणाकार तोच जुना २१६ आहे हे बाईंनी सांगितले नाही. आमच्यापैकी कुणाला तरी ते दिसेपर्यंत त्या थांबल्या. असे थांबणारे शिक्षक मला पुढे क्वचितच भेटले.

√अ × √ब = √अब लिहिताना 'अ आणि ब ऋण नाहीत' ही ओळ त्या प्रत्येक वेळी लिहायला लावत. तिचे मोल अकरावीत ऋण संख्यांची वर्गमुळे शिकताना कळले. √(−४) × √(−९) म्हणजे २i × ३i, आणि i × i = −१, म्हणून उत्तर −६ येते; नियम डोळे मिटून लावला तर ६ येईल.

आज मी आराखड्यांसाठी संगणकप्रणाली लिहिते. संगणकावर नेहमीच्या दशांश पद्धतीने √२ ला √२ ने गुणले की २ ऐवजी २.०००००००००००००००४ असे उत्तर दिसते. म्हणून शेवटच्या पायरीपर्यंत करणी करणीच ठेवायची, हा आग्रह मी सहकाऱ्यांकडेही धरते. तो बाईंचाच आहे. हल्ली मुले कॅल्क्युलेटरवर बघून ६√६ च्या जागी १४.७ लिहितात, तेव्हा फार वाईट वाटते. १४.७ चा वर्ग २१६.०९ होतो. ते उत्तर जवळचे आहे, नेमके नाही.

बाईंच्या उदाहरणांच्या वह्या शाळेत जपल्या असतील, तर त्यातला करणीचा भाग तरी संयोजकांनी छापावा. टंकलेखन आणि तपासणी मी आनंदाने करून देईन.