शून्य भरलं, पण गेलं कुठे?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईकडच्या एका आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना मेमो आला होता: साथीच्या आजारांचे साप्ताहिक अहवाल येत नाहीत. सिस्टरचं म्हणणं, "मी दर आठवड्याला भरते, रजिस्टर बघा." तक्रार ही अहवाल-प्रणाली सांभाळणाऱ्या आमच्या टीमकडे आली, तर डेव्हलपरने 'सिस्टीम व्यवस्थित चालते' असा शेरा मारून तिकीट बंदही करून टाकलं. पणजीत बसून त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मी गाडी काढली आणि सत्तरी गाठली.

रजिस्टर चोख होतं. ताप, गोवर, माकडताप, प्रत्येक रकान्यात शून्य आणि खाली सही. सिस्टरनी माझ्यासमोर फॉर्म भरला. शून्य टाकलं, चौकट हिरवी झाली, 'पूर्ण' दाबलं. पान पुन्हा उघडलं तर चौकट कोरी.

"बघितलंत मॅडम?"

आमची प्रणाली डीएचआयएस२ वर उभी आहे, म्हणजे ओस्लो विद्यापीठातून चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर. त्यात प्रत्येक माहितीघटकाला, म्हणजे फॉर्मातल्या आकड्याच्या प्रत्येक बाबीला, 'शून्य साठवायचं का' अशी एक सेटिंग असते आणि ती मुळात बंद असते. त्यात गैर काही नाही. लांबलचक मासिक फॉर्मात बहुतेक रकाने शून्यच असतात, ते साठवून डेटाबेस कशाला फुगवा? बेरजेला काही फरक पडत नाही.

साथीच्या आजारांत मात्र पडतो. सत्तरीत माकडताप, म्हणजे माकडांना आणि माणसांना गोचिडीमुळे होणारा ताप, २०१५ पासून माहीत आहे. काजूच्या हंगामात लोक बागायतीत जातात, गोचीड चावते. एखाद्या वाड्याजवळ माकडं मेलेली सापडली, की तिथे 'तापाचा रुग्ण नाही' ही त्या आठवड्यातली सगळ्यात महत्त्वाची नोंद. रुग्ण नाही, की कोणी बघायलाच गेलं नाही, हे कोऱ्या चौकटीवरून कसं कळणार?

गंमत म्हणजे डॅशबोर्डवर सिस्टरचे अहवाल 'पूर्ण' म्हणूनच दिसत होते. पण वरच्या कार्यालयात डॅशबोर्ड उघडतो कोण! तिथे एक्सेल उतरवून रिकामे रकाने मोजायची पद्धत.

डेव्हलपर म्हणाला, सगळ्याच घटकांना सेटिंग चालू करूया. मी फक्त साथरोगांपुरती करायला लावली. मागची शून्यं साठवलीच गेली नव्हती, त्यामुळे ती परत मिळणं शक्य नव्हतं. पण 'पूर्ण' कोणी आणि कधी दाबलं याची नोंद शाबूत होती. तीच यादी काढून पाठवली. मेमो मागे घेतला गेला.

निघताना सिस्टरनी एक मागणी केली: उरलेल्या सगळ्या चौकटींत एकदम शून्य भरणारं बटण द्या, बोटं दुखतात. मागणी रास्त होती, तासाभराचंही काम नव्हतं. तरी मी ते दिलं नाही. एका बटणात भरलेलं शून्य रुग्ण शोधून भरलंय की घरी जायच्या घाईत, हे मग मलाही सांगता आलं नसतं. त्याऐवजी फॉर्ममधले कोणीच वाचत नाही असे रकाने कमी करायचा प्रस्ताव पाठवलाय. तो अजून मंजूर व्हायचाय, आणि सिस्टर भेटल्या की बटणाचं विचारतातच.