येळवसेच्या आदल्या दिवशीची गोलाई

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, रात्रीचे साडेदहा

तुरीच्या शेंगा सोलून बोटं काळी-हिरवी झालीत, मोबाईलवर टाईप करताना स्क्रीनला डाग पडायलेत, पण आज लिहूनच झोपायचं असं ठरवलंय. उद्या येळवस, आमचा शेतात जाऊन जेवायचा सण. पंचांगात दर्शवेळा अमावस्या लिहितात, लातूरात कुणीच म्हणत नाही तसं. कलेक्टर साहेब दरवर्षी स्थानिक सुट्टी देतात, आणि नाही दिली तरी कोण जातंय कामाला! उद्या अख्खं लातूर शेतात. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या, आणि पेपरवाले परवा फोटो छापणार रिकाम्या रस्त्याचा, वर हेडिंग ठरलेलं, शहरात अघोषित संचारबंदी.

लोक येळवसेचं कौतुक करतात ते शेतातल्या जेवणाचं. ते आहेच हो, पण मला मनापासून आवडतो तो हा आदला दिवस, गोलाईतला. आमची शेती नाही, माहेरीही नव्हती, त्यामुळे आमचा सण सुरू होतो तोच मुळी बाजारातून. शेतवाल्यांना भज्जीचं निम्मं सामान बांधावरच मिळतं, आम्हाला पिशवी घेऊन हिंडावं लागतं, आणि त्या हिंडण्यातच अर्धी येळवस होऊन जाते.

गंजगोलाई ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, मधोमध गोल दुमजली इमारत, 1917 सालची, आत अंबाबाईचं देऊळ, आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात. एका रस्त्याला सराफ, एकीकडे चपला, कुठं गूळ, कुठं मिरची, मिरचीच्या लाईनीत शिरलं की ठसका लागलाच समजा. माझं माहेर तिथून चालत पाच मिनिटं, लहानपणापासून त्या गोलात फिरतेय, तरी गर्दीच्या दिवशी एक चक्कर जास्तीची होतेच. नवीन माणूस तर हमखास चुकतो, सगळे रस्ते सारखेच वाटतात. सध्या नवीन माणसं भरपूर, नीट आणि जेईईच्या क्लासला आलेली पोरं, नांदेड, बीड, सोलापूर कुठनं कुठनं. आज एक पोरगं मला विचारत होतं, मावशी बसस्टँडला कोणत्या रस्त्याने जाऊ, आणि त्याच्या हातात पुस्तकाची बॅग आणि दुसऱ्या हातात हरभऱ्याची पेंढी. म्हटलं बरोबर चाललंय लेकराचं.

सकाळी निघताना आत्यांनी (सासूबाई) यादी दिली नाही, त्या यादी देत नाहीत, नुसतं म्हणतात "भज्जीचं घेऊन ये". आता भज्जी म्हणजे भजी नव्हे हां, बाहेरच्यांचा नेहमी गोंधळ होतो. तुरीचे सोले दाणे, वाटाणे, ओला हरभरा, वाल, ओले शेंगदाणे, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, गाजर, वांगं, म्हणजे त्या आठवड्यात रानात जे जे हिरवं असेल ते सगळं, चिंचेचा कोळ, हिरव्या मिरचीचं नि लसणाचं वाटण, आणि वरून डाळीचं पीठ लावून घट्टसर शिजवायची. किती भाज्या पाहिजेत यावरून प्रत्येक घरात वाद. आत्यांचा हिशोब असा की बाजारात दिसली आणि घेतली नाही अशी भाजी राहता कामा नये.

तर दोन पिशव्या भरल्या. भाव आज चढलेलेच असतात, मेथीची जुडी काल दहाला होती ती आज वीसला, तुरीच्या शेंगांना तर हातच लावू देत नव्हते. एक म्हातारी मावशी भुईवर पोतं टाकून बसली होती, तिला म्हटलं मावशी जरा कमी करा की, तर म्हणाली "उद्या तुमी जेवूलाला, आमी काय उपाशी राहूलालो का? आमालाबी शेतात जायचंय, घ्यायचं तर घ्या लवकर". घेतलं. तिच्याशी कोण घासाघीस करणार.

कोथिंबीर मात्र मी बघून घेते, कास्तीची आहे का विचारून. औश्याच्या बाजूला कास्ती गाव आहे, तिथल्या कोथिंबिरीचा वासच वेगळा, पिशवीतून घरभर येतो. 2024 ला तिला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आणि त्याच सुमारास आमच्याच जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीलाही. म्हणजे आमच्या भज्जीतली चिंच आणि कोथिंबीर दोघी आता सर्टिफिकेटवाल्या झाल्या. फरक इतकाच पडला की आता प्रत्येक जण आपली कोथिंबीर कास्तीचीच म्हणून विकतोय. मी पान चुरगळून वास घेते, विकणारा वैतागतो, वैतागू दे.

मधेच भूक लागली तर सुशीला खाल्ला. हा मराठवाड्याचा खास नाश्ता, पोह्यांसारखाच पण भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वर डाळं, शेंगदाणे, लिंबू. पुण्याच्या नणंदेला हे नाव ऐकून अजून हसू येतं, पण आली की पहिल्या दिवशी तिला तोच पाहिजे. संध्याकाळी परत एकदा बाहेर पडावं लागलं, गूळ राहिला होता, तेव्हा ह्यांनी गाडी थांबवली निलंगा राईसच्या गाड्यावर. तिखट फोडणीचा भात, भरपूर शेंगदाणे, कागदाच्या प्लेटमधे वाफाळता. थंडीत उभ्या उभ्या खायची गोष्ट आहे ती, घरी पार्सल आणलं की मजा जाते, हे माझं पक्कं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

भाव ऐकून चिडचिड होते तेव्हा मला तो दुष्काळाचा हिवाळा आठवतो. त्याच्यानंतर एप्रिल 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं लातूरला, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. पण त्याच्या आधीची येळवस कुणी नाही बघितली. गोलाईत भाजी होती, पण बाहेरगावची, तुरीच्या शेंगा पोचट, आणि लोक घेत होते तरी. पावशेर पावशेर घेत होते. त्या वर्षी आमची भज्जी पातळ झाली होती आणि घरात त्यावर कुणी बोललं नाही.

आंबील झाकून ठेवलीय. ज्वारीचं पीठ ताकात घालून आंबवलेलं, आता शिजवून झालं, जिरं लसूण आलं घातलंय. बाजरीचे उंडे (वाफवलेले गोळे) पहाटे करायचे. आत्या चारला उठणार म्हणजे मी पण चारला. झोपते.

अमावस्या, रात्री

आलो. पाय दुखायलेत.

औश्याकडे मैत्रिणीच्या शेतात गेलो होतो. कडब्याची कोप (खोपी) केली होती, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, पांडव. पूजा झाली, मग तिचे सासरे पिकात आंबील शिंपडत फिरले, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत, मागे सगळी पोरं ओरडत. हरभरा फुलावर आलाय, ज्वारी कमरेएवढी. ओळखीचे नसलेले लोक पण जेवून गेले, क्लासची चार पोरं होती रस्त्याने चाललेली, त्यांना हाक मारून बसवलं, एकाने आंबील पहिल्यांदाच प्याली आणि तोंड वाकडं केलं, दुसऱ्या ग्लासला मात्र हात पुढे केला.

भज्जी आमची चांगली झाली होती पण खरं सांगू, मैत्रिणीची जास्त चांगली. तिच्या तुरीच्या शेंगा सकाळी तोडलेल्या, आमच्या पोत्यावर दोन दिवस पडलेल्या. तिथे बाजार कमी पडतो, मान्य. आत्यांना पण कळलं असणार, दोनदा वाढून घेतली तिची, बोलल्या काही नाही.

संध्याकाळी येताना शहर सामसूम, शिवाजी चौकात सिग्नलला आम्ही एकटेच. गोलाईतली शटरं बंद. उद्यापासून तिथे तिळगुळाचं आणि वाणाचं सामान मांडायला लागतील, मी आत्तापासून ठरवलंय की यंदा वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे नकोत, सराफ लाईनीच्या मागे पितळेच्या छोट्या पळ्या मिळतात त्या बघायच्या. आत्या म्हणतायत महाग पडतील. बघू, भाव करायला त्यांनाच घेऊन जाते.