पँथर, सहावी फेरी

वहीत जूनच्या पानावर या अल्बमला मी दहापैकी चार दिलेत आणि पुढे एवढंच लिहिलंय : 'सोनं, बायका, बढाया. लांबण. पुढे.' १९८९ सालचे हिपहॉप अल्बम ओळीने ऐकायचा उद्योग तेव्हा नुकताच सुरू केला होता आणि त्या आठवड्यात डोक्यात पब्लिक एनिमी हा राजकीय रॅप करणारा गट भरलेला होता. त्यावर एलएल कूल जेचा 'वॉकिंग विथ अ पँथर' लावणं म्हणजे मोर्चातून निघून थेट कुणाच्या तरी वरातीत नाचायला जाणं. चिडचिड झाली. आता सहा फेऱ्या झाल्यात. चारचा आकडा खोडलाय, नवा अजून लिहिलेला नाही.

या काळात नव्याने शिरलेल्यांसाठी थोडक्यात. एलएल म्हणजे क्वीन्सचा जेम्स टॉड स्मिथ. १९८५ मध्ये सतराव्या वर्षी त्याचा 'रेडिओ' आला. डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीने काढलेला तो पहिलाच पूर्ण लांबीचा अल्बम. १९८७ मध्ये 'बिगर अँड डेफर', आणि त्यात 'आय नीड लव्ह', म्हणजे रॅपमधलं प्रेमगीतही दणकून चालू शकतं हे दाखवणारं गाणं. जून १९८९ मध्ये हा तिसरा अल्बम आला तेव्हा गडी एकवीस वर्षांचा होता. बिलबोर्डच्या मुख्य यादीत सहावा नंबर, आर अँड बीच्या यादीत पहिला, प्लॅटिनम. तेव्हा हा अल्बम पडला असं आपण म्हणतो ते विक्रीत नव्हे. पडला तो इज्जतीत.

कारण भोवतीची हवा बदलली होती. बूगी डाउन प्रॉडक्शन्स या रॅप गटाचा डीजे स्कॉट ला रॉक १९८७ मध्ये गोळी लागून गेला, आणि पुढे त्याचा जोडीदार केआरएस-वन 'स्टॉप द व्हायोलन्स' चळवळ घेऊन उभा राहिला. पब्लिक एनिमीचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स' १९८८चा. १९८९च्या उन्हाळ्यात स्पाइक लीच्या 'डू द राइट थिंग' सिनेमातून पब्लिक एनिमीचंच 'फाइट द पॉवर' घुमत होतं. पोरांच्या गळ्यातल्या सोन्याच्या जाडजूड साखळ्या उतरत होत्या आणि त्या जागी लाल-काळी-हिरवी चामड्याची पदकं येत होती, त्यावर आफ्रिकेचा नकाशा. त्यामागचा हिशेब सरळ होता : सोनं येतं दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून, तिथे राज्य वर्णभेदाचं, मग ते गळ्यात मिरवायचं कशाला? आणि नेमका अशा वेळी एलएल मुखपृष्ठावर सोनं आणि शेजारी काळा पँथर घेऊन आला.

पँथर या शब्दाचं आपल्याला वेगळं सांगायला नको. ओकलंडमध्ये १९६६ला ब्लॅक पँथर पार्टी निघाली आणि तिच्यावरून १९७२ला मुंबईत दलित पँथर. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावं ज्याच्या कानावरून गेलीत त्याला हा शब्द सभेतल्या घोषणेसारखाच ऐकू येतो. मीही अल्बमचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा आत तसलंच काहीतरी असणार असं धरून चाललो होतो. आत पँथर म्हणजे चपळ, देखणा, महागडा प्राणी. माझा हिरमोड झाला तो त्याच्या गाण्यांमुळे की माझ्या डोक्यात आधीच वाजत असलेल्या शब्दामुळे, हे तिसऱ्या फेरीपर्यंत मी स्वतःला विचारलंच नव्हतं.

१९८९च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्ट भागात युसुफ हॉकिन्स नावाच्या सोळा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या टोळक्याने घेरलं आणि गोळी घालून मारलं. तो तिथे विकायला काढलेली एक जुनी गाडी बघायला गेला होता. त्याच्यासाठी हार्लेममध्ये सभा झाली, तिथे एलएल आला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली. हे मी पूर्वी एलएलवरचा अन्याय म्हणून वाचायचो. आता नाही वाटत तसं. पोरगं गमावलेल्या माणसांना त्या दिवशी समोर नको असलेला चेहरा दिसला, त्यांनी तसं सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. पण अल्बम कसा आहे हे काही त्या हुर्योतून कळत नाही, आणि आपण पस्तीस वर्षं तिलाच परीक्षण समजून बसलोय.

त्यात हिशेबही नीट जुळत नाही. 'स्टॉप द व्हायोलन्स'वाल्यांनी १९८९च्या सुरुवातीला 'सेल्फ डिस्ट्रक्शन' काढलं, न्यूयॉर्कचे बहुतेक मोठे रॅपर एका गाण्यात. एलएल त्यात नाही. त्याचा कट्टर वैरी कूल मो डी आहे. पण त्यातला एमसी लाइट या रॅपरचा जो वर्स, म्हणजे कडवं, आहे तो तिला एलएलने लिहून दिलेला. म्हणजे ज्या गाण्याची पट्टी लावून याला मोजलं, त्या गाण्यातच याच्या ओळी, दुसरीच्या तोंडी. नकाशाची पदकं घालणाऱ्यांपैकी किती जण आफ्रिकेत जाऊन आले होते कोण जाणे. हा १९८८ मध्येच आयव्हरी कोस्टला, आबिजानमध्ये कार्यक्रम करून आला होता. 'डेफ जॅम इन द मदरलँड' हे नाव उगाच नाही. (गाणं मात्र आफ्रिकेबद्दल कमी आणि एलएलबद्दल जास्त आहे. त्याला काय करणार!) आणि 'नायट्रो' आणि 'इट गेट्स नो रफर' यांच्या बीटमागे कोण? बॉम्ब स्क्वॉड. पब्लिक एनिमीचा भोंगा आणि कल्लोळ ज्यांनी घडवला तीच माणसं.

आपल्याकडे राम जोशींनी शृंगाराच्या लावण्या रचल्या आणि वैराग्याच्याही, त्यावरून त्यांचं खातं कुणी दोन ठिकाणी उघडत नाही. एलएलला तेवढी सूट द्यायला मला काहीच अडचण नाही. माझं दुखणं दुसरंच आहे, आणि ते सहाही फेऱ्यांत तिथेच दुखतंय.

अल्बम फार लांब आहे. तासाभराहून जास्त. डेफ जॅम सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, निर्माता रिक रूबिन १९८८ मध्ये डेफ जॅममधून बाहेर पडला होता, आधीच्या अल्बमवर काम केलेल्या एलए पॉसी या निर्मात्यांच्या चमूपैकी ड्वेन सायमन तेवढा सोबत राहिला, आणि बाकी बरंचसं एलएलने स्वतःच उभं केलंय. एकविसाव्या वर्षी, कुणी 'हे काढ' म्हणणारं नसताना. ते ऐकू येतं. 'यू आर माय हार्ट', 'वन शॉट अॅट लव्ह', 'टू डिफरंट वर्ल्ड्स' : तीन बॅलडं, आणि तिन्हींत 'आय नीड लव्ह'च्याच पाट्या टाकल्यात. गुळगुळीत कीबोर्ड, घोगरा आवाज, तेच आर्जव. चौथ्या फेरीत 'टू डिफरंट वर्ल्ड्स' चालू असताना मी उठून चहा टाकला, गाळला, परत येऊन बसलो, तरी ते संपलं नव्हतं. सामाजिक जाणीव नाही म्हणून ज्यांनी कंटाळा केला त्यांना खरा कंटाळा इथे आला असावा, असा माझा संशय आहे. कारण सांगताना मात्र मोठं सांगितलं.

आता चांगलं. यासाठीच तर खटाटोप.

'गोइंग बॅक टू कॅली' हे मुळात रूबिनचं काम, 'लेस दॅन झीरो' या १९८७च्या सिनेमासाठी केलेलं. मोबाइलच्या स्पीकरवर या गाण्यात काहीच नाही असं वाटतं, आणि मी पहिल्या दोन फेऱ्या तशाच ऐकल्या होत्या, माझंच चुकलं. बंद कानांच्या हेडफोनवर लावा. ड्रम एवढे कोरडे की खोलीत फरशीवर कुणी पाट आपटतंय असं वाटतं. मग बराच वेळ पोकळी. मग एकदम ब्रास, दोन-चार सुरांचा फटका, आणि पुन्हा पोकळी. एलएल जवळजवळ कुजबुजतो. 'रेडिओ'वरच्या 'रॉक द बेल्स'मध्ये ज्याने छताला हात लावला होता तो माणूस इथे आवाज खिशात ठेवून बोलतोय. कॅलिफोर्नियाला जाणार म्हणतो आणि पुढच्याच श्वासात स्वतःच शंका काढतो. चैनीचं गाणं म्हणून हे धोपटलं गेलं असेल तर धोपटणाऱ्याने हूक, म्हणजे ध्रुवपद, शेवटपर्यंत ऐकलेला नाही. चैन समोर आहे आणि हा दारातूनच मागे फिरतोय.

'आय'म दॅट टाइप ऑफ गाय' याच कुजबुजीचं दुसरं पोर. विषय भिकार : तुझ्या बायकोकडे मागच्या दाराने येणारा तो मी. पण मागून जे 'ओ-ई-ओ' येतं, ते १९३९च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या चेटकिणीच्या पहारेकऱ्यांचं संचलन. हे पाचव्या फेरीत लक्षात आलं आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. लफड्याच्या गाण्यावर वाड्याचा पहारा! दर कडव्यानंतर पहारेकरी बिचारे इमानाने फेरी मारतायत आणि हा आतमध्ये. विनोद लिहिलेला नाही, बीटमध्ये बसवलाय. हे सुचायला डोकं लागतं.

'फास्ट पेग' छोटंसं आहे. ड्रगवाल्याच्या नादी लागलेली मुलगी आणि तिचा वाईट शेवट. उपदेश नाही, हळहळही नाही, गोष्ट संपली की गाणं संपलं. शेवटच्या 'चेंज युअर वेज'मध्ये एलएल मुद्दाम शहाणा होऊन दुनियेला सुधारायला सांगतो; ते ऐकताना शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची आठवण येते. ज्यांना त्याच्याकडून संदेश हवा होता त्यांच्यासाठी संदेश होता की, अगदी तळाशी, पाकिटातल्या चुऱ्यासारखा. पेगची दोन मिनिटं त्यापेक्षा जास्त सांगून जातात.

तर प्रगती अशी : पाचव्या फेरीनंतर मी अल्बम कापायला घेतला. तिन्ही बॅलडं बाहेर. '१-९०० एलएल कूल जे' बाहेर. 'बिग ओल बट' दोनदा बाहेर काढलं आणि दोनदा परत घेतलं, कारण लाज वाटते पण पाय हलतो. सुरुवात 'ड्रॉपिन एम'नेच, ती हलवायचं कारण नाही. त्यामागे 'नायट्रो', मग 'फास्ट पेग', मग दोन कुजबुजी लागोपाठ नको म्हणून मधे 'इट गेट्स नो रफर'. 'कॅली'च्या मागे तिच्याच सिंगलची बी-साइड, म्हणजे मागच्या बाजूचं गाणं, 'जॅक द रिपर' लावली, कूल मो डीला दिलेला तडाखा. मो डीने १९८७ मध्ये आपल्या मुखपृष्ठावर जीपच्या चाकाखाली लाल कँगोल टोपी चिरडून दाखवली होती, टोपी कुणाची ते सगळ्यांना कळलं होतं. हे त्याचं उत्तर. कुजबुजीनंतर ही आरोळी आली की पाठ सरळ होते. एवढं सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत बसतं, आणि हा चाळीस मिनिटांचा अल्बम १९८९ मधल्या कुठल्याही अल्बमशेजारी बसवायला मी तयार आहे.

गोची झाली ती 'जिंगलिंग बेबी'पाशी. अल्बमवरचं मूळ गाणं बरं आहे, बस. पण १९९० मध्ये निर्माता मार्ली मार्लने त्याचा रिमिक्स केला आणि तिथे एलएलचा आवाज पहिल्यांदा मोकळा बसलेला ऐकू येतो. मार्लीबरोबर पुढचा अख्खा 'मामा सेड नॉक यू आउट' झाला तो याच वाटेने. एलएलला आजीने सांगितलेलं 'ठोकून काढ त्यांना' हे वाक्य त्या अल्बमचं नाव झालं, त्याच नावाच्या गाण्याला ग्रॅमी मिळालं, आणि 'पँथर' म्हणजे मधली घसरण अशी गोष्ट पक्की झाली. मी माझ्या कापलेल्या यादीत गुपचूप रिमिक्स घातला. मित्राला यादी पाठवली, त्याने ऐकली आणि फोन केला.

"हे काय, फेरतपासणीला पुढच्या वर्षीची उत्तरपत्रिका जोडलीस?"

"एकच गाणं आहे रे."

"आणि तीन बॅलडं फाडून टाकलीस. मग मार्क कुणाला देतोयस, त्याला की तुला?"

म्हणून आकडा अजून कोरा आहे. रिमिक्स काढून मूळ गाणं परत जागेवर ठेवलंय. सातवी फेरी रविवारी दुपारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बॅलडांसकट. चहा आधीच करून घेणार आहे.