रामेश्वरची २२ तीर्थे: ओल्या-सुक्याचा हिशेब

आपल्याकडे ओलेत्याने देवापुढे उभे राहणे म्हणजे कडक सोवळे. रामेश्वरला नेमके उलट आहे. देवळाच्या आवारातल्या २२ तीर्थांच्या पाण्याने नखशिखान्त भिजायचे, पण गाभाऱ्याकडे जायचे ते कोरड्या कपड्यांतच. ओल्या अंगाने दर्शनाच्या रांगेत लागलेल्यांना परत पाठवतात. कोरडे कपडे लॉजवर, लॉज लांब आणि एक वाजता देऊळ बंद, अशा कात्रीत सापडून पुष्कळांची सकाळ वाया जाते. म्हणून इथला सगळा बेत ओल्या आणि सुक्या कपड्यांच्या हिशेबाने आखावा.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. जवळचा मोठा विमानतळ मदुराई, रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. मदुराईहून रेल्वेने चार तासांच्या आसपास लागतात. रामेश्वरच्या बेटावर नेणारा जुना पांबन रेल्वेपूल डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांसाठी बंद झाला, तेव्हापासून गाड्या अलीकडे मंडपमलाच थांबत. इंटरनेटवरच्या जुन्या माहितीत अजून तेच सापडते. एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल सुरू झाला आणि गाडी पुन्हा थेट रामेश्वरपर्यंत जाऊ लागली. बोटींना वाट देण्यासाठी या पुलाचा मधला ७२.५ मीटरचा गाळा उभा वर उचलला जातो.

लॉज किंवा धर्मशाळा पूर्व आणि उत्तर गोपुराच्या मधल्या भागात घ्या. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. सकाळभरात ओल्या कपड्यांनी, अनवाणी, निदान दोन फेऱ्या होतात आणि दहानंतर इथली फरशी तापते.

पहिले काम पहाटेचे, स्फटिकलिंगाचे दर्शन. ते पाच ते सहा एवढाच वेळ असते. खोलीवर आंघोळ करून, कोरड्या कपड्यांत, चारच्या सुमारास रांगेत उभे राहावे. तिकीट वेगळे असते. मोबाइल आत चालत नाही. बाहेरच्या लॉकरपाशी पहाटेही गर्दी होते, तेव्हा फोन खोलीवरच ठेवलेला बरा. पुरुषांना धोतर, पायजमा किंवा साधी पँट चालते. हाफ पँट घालून येऊ नका.

तिथून खोलीवर परत यायचे, भिजायचे कपडे घालायचे आणि अग्नितीर्थ गाठायचे. अग्नितीर्थ म्हणजे पूर्व गोपुरासमोरचा समुद्रच, देवळापासून चालत दोन-तीन मिनिटांवर. लाटा जवळजवळ नसतात, त्यामुळे म्हातारी माणसेसुद्धा कमरेएवढ्या पाण्यात जाऊन डुबकी मारतात. त्रास होतो तो तळाशी पडलेल्या कापडांचा. अंगावरचे वस्त्र समुद्रात सोडायची प्रथा लोकांनी धरून ठेवली आहे. ती धुडकी पायात गुंडाळली जातात आणि माणूस तोंडावर पडतो. पाय घासत, तळ चाचपत पुढे जावे. स्वतःचे वस्त्र तर मुळीच सोडू नये. संकल्प किंवा श्राद्ध करायचे असेल तर गुरुजींशी आधीच ठरवून घ्या: दक्षिणा किती, त्यात साहित्य धरले आहे की नाही, आणि पिंडदान माणशी की कुटुंबाचे मिळून.

अंगावर समुद्राचे पाणी असतानाच उत्तर गोपुराकडे जायचे. तीर्थस्नानाचे तिकीट तिकडे मिळते. सरकारी दर वर्षानुवर्षे माणशी २५ रुपये आहे. त्या दिवशी फलकावर लिहिला असेल तो खरा. तिकिटात बावीसही तीर्थांचे पाणी येते. वाटेत भेटणारी माणसे ‘सगळं नीट करून देतो’ म्हणत माणशी काही शे रुपये मागतात. त्या पैशांत तुमच्या गटाबरोबर पोहरा घेऊन एक माणूस सगळीकडे फिरतो आणि पाणी भरभरून ओततो. दहा-पंधरा जणांचा गट असेल, बरोबर आजी-आजोबा असतील तर हे परवडते. चार तरुण माणसांना त्याची गरज नाही.

विहिरींची पद्धत अशी. दोराला बांधलेला लहान पोहरा घेऊन माणूस कठड्यावर उभा असतो. तो एका झटक्यात पोहरा खाली सोडतो, वर ओढतो आणि समोरच्या चार-पाच जणांच्या डोक्यावर एकदम उलटा करतो. मागे उभे राहिलात तर शिंतोडेच मिळतात, म्हणून कठड्याच्या अगदी जवळ, त्याच्या डाव्या-उजव्या हाताला उभे राहावे. पाणी आपटण्याआधी तोंड मिटून मान किंचित खाली घालायची. चष्मा खोलीवर ठेवावा, नाहीतर दोरी लावून गळ्यात अडकवावा. गार पाणी सोसत नसेल तर हात पुढे करून ‘थोडं’ अशी खूण केली की ते ओंजळीत देतात. तेवढ्यानेही तीर्थ झाले असे मानतात.

क्रम महालक्ष्मी तीर्थापासून सुरू होतो आणि कोटितीर्थावर संपतो. प्रत्येकावर नाव आणि क्रमांक आहे. सावित्री, गायत्री, सरस्वती झाल्यावर सेतुमाधव येते. ती विहीर नाही, पायऱ्यांचे कुंड आहे. पुढे नल, नील, गवय, गवाक्ष ही नावे वाचताना मजा वाटते: सेतू बांधणाऱ्या वानरांच्या नावावर एकेक विहीर आहे. मग शंख, चक्र, ब्रह्महत्याविमोचन, सूर्य, चंद्र आणि जवळजवळ असलेल्या गंगा, यमुना, गया. समुद्र इतका जवळ असून बहुतेक विहिरींचे पाणी गोडे लागते, आणि चवीत फरकही जाणवतो. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. उथळ विहिरींना तेच वरचे पाणी मिळते.

सगळे फिरायला गर्दी नसेल तर तासभर लागतो, शनिवार-रविवारी दोन तासही. दगडी फरशी सतत ओली आणि बुळबुळीत असते. लोक पुढच्या विहिरीकडे धावतात आणि वळणावर घसरतात. बायकांनी साडीऐवजी गडद रंगाचा सुती सलवार-कमीज घालावा. भिजलेली साडी पायात येते आणि सिल्क तर अंगाला चिकटते. पैसे प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत गाठ मारून ठेवावेत.

आता कोरडे कपडे. दोन वाटा आहेत. एक, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत कपडे आणि पंचा बांधून बरोबर न्यायचे आणि शेवटी कपडे बदलायच्या खोलीत बदलायचे. तिथे गर्दी असते, जमीन ओली असते आणि कोरडा पायजमा अर्धा ओला होतो. दुसरी, लॉजवर जाऊन बदलून पूर्व गोपुरातून परत यायचे. लॉज जवळ असेल तर दुसरीच बरी. मात्र साडेअकरापर्यंत पुन्हा देवळात या. एकला बंद झालेले देऊळ तीनला उघडते.

आत दोन लिंगे आहेत. सीतेने वाळूचे केले ते रामलिंग, हनुमंताने आणले ते विश्वलिंग. पहिली पूजा विश्वलिंगाची. गाभाऱ्यात पूजा करणारे पुजारी परंपरेने महाराष्ट्री ब्राह्मण घराण्यांतले आहेत. दर्शनानंतर बाहेरच्या प्राकाराला, म्हणजे देवळाभोवतीच्या खांबांच्या लांब ओवरीला, पूर्ण फेरी मारा. १८व्या शतकात रामनाडच्या सेतुपती राजांच्या काळात तो पुरा झाला. त्याच्या १२१२ खांबांची रांग कोपऱ्यात उभे राहून पाहावी.

काशीहून गंगाजल आणणाऱ्यांनी भांड्याकडे लक्ष द्यावे. अभिषेकासाठी पाणी तांब्या-पितळेच्या भांड्यातून आणलेले घेतात, पत्र्याच्या किंवा लोखंडी डब्यातले घेत नाहीत. हरिद्वारच्या प्लॅस्टिकच्या कॅनमधले पाणी आदल्या रात्रीच तांब्यात काढून ठेवलेले बरे. गंगाजल-अभिषेकाचे तिकीट निराळे असते. नाथांनी कावड गाढवाच्या तोंडी रिकामी केली ती याच वाटेवर, पण खिडकीवर तो दाखला चालत नाही. परतताना प्रयागला नेण्यासाठी वाळू घ्यायची तर मूठभर पुरे. पोवळी उचलू नका; ती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

दुपारनंतर रिक्षाने लक्ष्मणतीर्थ, रामतीर्थ, गंधमादन आणि जमले तर तंगच्चिमडमचे विल्लूंडी तीर्थ करावे. विल्लूंडीला समुद्रातल्या विहिरीत गोडे पाणी आहे. बेटाच्या टोकाची धनुष्कोडी मात्र सकाळी ठेवा. संध्याकाळी त्या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत, आणि १९६४च्या वादळातून उरलेल्या चर्चच्या भिंतींपाशी दुपारी सावली मिळत नाही. कोदंडराम मंदिर त्याच वाटेवर आहे.

आषाढ, पौष आणि सर्वपित्री या अमावास्यांना श्राद्धासाठी लाखोंची रीघ लागते. फक्त तीर्थस्नानासाठी येणाऱ्याने ते दिवस टाळावेत. ऑक्टोबर ते डिसेंबर इथला पावसाळा. विहिरी भरलेल्या असतात, पण कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा भिजायच्या कपड्यांचा दुसरा जोड बरोबर ठेवा.